आठ कोर तुझे, आठ माझे

हॅलो?… हो, मयुरीच बोलतेय. बोल कामिनी… झाली तुझी फिल्म?… सगळी? आवाजासकट?

अगं, माझी अजून निम्मीच… हो, हो… अगं ऐक ना! प्रोसेसरचा वेग, तो क्लॉक, बांधला होता ना चार गिगाहर्ट्झवर?… मीपण बांधला. आठ कोर तुझे, आठ माझे. व्हिडिओ तोच, रॅम तेवढीच. मग तुझं धुळ्याचं कॉम्प्युटर माझ्या चोपड्याच्या आधी कसं उरकतं?

चिडले नाही गं… कुलर? कुलर त्याच्याच तोंडाशी लावलाय, मी इकडे घामाने निथळतेय.

हे काय म्हणणार! म्हणे, दोन शेतांत आठ-आठ बाया कापूस वेचताहेत, हात सारखेच चालतात, पण एकीकडच्यांची मूठ मोठी… हो, माझ्या तोंडावर बोलले! तुझ्या बाया कामाच्या, माझ्या ऐदी.

ठरलं होतं, माहीत आहे मला. जिचं आधी होईल, तिनेच नणंदबाईंच्या रूपाच्या लग्नाची फिल्म करायची. पण थोरली जाऊ मी आहे ना?… सासूबाई लगेच म्हणाल्या, 'कामिनीनं बठ्ठं झटपट शे.' म्हणजे तुझं सगळंच झटपट! खापरावरच्या मांड्यांपासून तेच ऐकतेय मी!

जळते, हो, जळते! खरं सांग, तो प्रोसेसर तुला आणला कोणी?… प्रेमराज भावजींनी ना?… मग?… आमच्या ह्यांनी?

थांब, थांब. कधी?… दिवाळी झाल्यावर?… दुकानदार परत घेईना म्हणून?… का घेईना?

…काय लागलं होतं डब्यावर?

हळदी-कुंकू.

नाही, नाही, ऐकतेय… अगं, ती बोटं माझी. लक्ष्मीपूजनाला मीच लावली. दुसऱ्या दिवशी कळलं, तू तोच घेतेयस. म्हटलं, कामिनीचा तो मला नको, दुसऱ्या कंपनीचा आणा. मदरबोर्डासकट दुकानात परत पाठवला…

काय? घेणार नव्हतीस?… नुसता भाव विचारला होतास?

हसू नको… कामिनी, हसू नको म्हणते ना!… बरं बाई, रूपाची फिल्म तूच कर. ठरलं ते ठरलं.

पण ऐक… तो डबा आहे का अजून?… माळ्यावर?… मग तो तेवढा पाठवून दे माझ्याकडे… रिकामा तर रिकामा! पूजा मी केली होती त्याची.

ठेवते.