मास्तरांच्या कानाशी धरलेलं कुलूप

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे आपले मालक, संघटनेचे पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती मास्तर, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या वहिनी, आणि समोर बसलेले ओतकाम, घासकाम, जुळणी या तिन्ही खात्यांतले माझे सोबती,

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. जुळणीतली बाई बोलायला उभी राहिली की पाच मिनिटं कुठवर ताणली जातात हे अध्यक्षांना ठाऊक आहे. त्यांनी घड्याळ काढून आधीच टेबलावर ठेवलंय.

मास्तरांनी एकतीस वर्षं एकच काम केलं. तयार झालेलं कुलूप कानाशी धरायचं, डोळे मिटायचे, किल्ली फिरवायची. माझं पहिलंच कुलूप त्यांनी परत पाठवलं होतं. म्हणाले, "पोरी, हे खोकतंय." स्प्रिंग मी उलटी बसवली होती. त्या दिवशी मला रडू आलं, आणि तेव्हापासून माझं एकही कुलूप खोकलं नाही.

तीन वर्षांपूर्वी बाहेरच्या देशातली स्वस्त कुलपं बाजारात आली आणि आपली गोदामात पडून राहू लागली. आयात कर लावा, असा अर्ज आपण केला. तो माझ्या अक्षरात आहे. सगळ्यांनी सह्या केल्या, मास्तरांनी केली नाही. त्यांनी विचारलं, तयार कुलपांवर कर मागताय, मग सुट्या भागांचं काय? ते आपण मुद्दामच वगळलं होतं. आपल्या स्प्रिंगा बाहेरूनच येतात, त्या महागल्या असत्या. आपलं काम हिरावणारा माल अडवायचा आणि आपल्या सोयीचा येऊ द्यायचा, यात वावगं काय, असं मीच त्यांना सुनावलं. पुढे महिनाभर ते एकटेच डबा खायचे. कर लागला त्या दिवशी आपण टाळ्या वाजवल्या. त्यांनी पुढचं कुलूप कानाशी धरलं.

गेले सहा महिने मागच्या दाराने खोकी येताहेत. आत बाहेरच्या देशातले सुटे भाग असतात. घासलेले, चकाकी दिलेले, चार स्क्रू आवळले की झालं, तेही गोदामातच. त्यांच्यावर कर नाही, कारण आपण तो मागितलाच नव्हता. भट्टी आता आठवड्यातून दोनच दिवस पेटते. घासकामातल्या बायका कानशी पुसून पुसून ठेवतात. मालकांनी शब्द दिलाय की कुणालाही काढणार नाही, आणि मी त्यांना खोटं म्हणत नाही. पण मास्तरांच्या जागी कोण, हे विचारायला मी ऑफिसात गेले, तेव्हा साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, ती जागाच आता राहणार नाही. एक जागा अशी जाते, मग दुसरीला किती वेळ लागतो?

मागच्या आठवड्यात मास्तरांनी एक कुलूप कानाशी धरलं. वर आपला छाप होता. बराच वेळ डोळे मिटून होते. म्हणाले, "हे आपलं नाही."

मी विचारलं, "वाईट आहे का?"

"नाही गं. अजिबात खोकत नाही."

आणि त्यांनी ते पास झालेल्या मालात ठेवलं.

आपल्याकडे निवृत्त होणाऱ्याला त्याच आठवड्यात तयार झालेलं कुलूप देतात आणि तो ते सगळ्यांसमोर उघडतो. आजचं कुलूप टेबलावरच्या त्या डबीत आहे. मी काल तिन्ही खात्यांत विचारून आले. ते ओतलं कुणी, घासलं कुणी, जुळवलं कुणी? एकही हात वर झाला नाही.

आपण वेळ काढून आलात, सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्याने कुणी दुखावलं असेल तर लहान समजून पोटात घाला. अर्जातल्या त्या वगळलेल्या ओळीबद्दल मात्र माफी कुणाकडे मागायची, हे मला अजून कळलेलं नाही.

आता कुणीतरी पंखे बंद करा. मास्तर, किल्ली फिरवा. काय ऐकू येतं ते आज मोठ्याने सांगा. या वेळी आम्ही ऐकून घेऊ.