टोपीवाली भिंत

...आणि खिळासुद्धा नाही हो, एक साधा खिळा! कॅलेंडर लावायचं होतं मला. दादाने हातोडीच हिसकावली. "चारू, घर भाड्याचं आहे! भिंतीला हात लावायचा नाही!"

तुम्हाला सांगते, मी आत्ता इंग्लंडमध्ये असायला हवी होते! जुन्या वास्तू जपण्याचा कोर्स, ॲडमिशन झाली, बॅग भरली... आणि कोविड! ऑस्ट्रेलियाने दारं लावून घेतली, ना कुणी आत ना बाहेर, नि मी बसलेय इथेच, ऑस्ट्रेलियातल्या पेंडल हिलमध्ये, दादा-वहिनीच्या मागच्या खोलीत, लॅपटॉपवर इंग्लंड शिकत. बरं, प्रोजेक्टला मिळालं काय? राजवाडा? किल्ला? छे! डेव्हनमधल्या एवढ्याशा खेड्यातली मातीची भिंत! आई पुण्याहून फोनवर, "अगं, मातीसाठी एवढी फी?"

पण त्या भिंतीच्या डोक्यावर गवताची टोपी आहे! खरंच! पावसाने माती विरघळू नये म्हणून वरून शाकारलेली. तीनशे वर्षं उभी आहे हो ती! टोपी जुनी झाली की सगळं गाव मिळून नवी घालतं. लॉकडाऊनमध्ये घोळका चालेना, तर एकेका घराने आपापला तुकडा शाकारला. कुणाची टोपी ताठ, कुणाची तिरकी, एक तर थेट डोळ्यांवर आलेली! मी स्क्रीनला नाक लावून बघत बसायचे...

आणि ही भिंत त्याच गावातल्या नायजेलला फोडायची होती! कशासाठी? गाडी आत घ्यायला फाटक! कायद्याचं संरक्षण आहे तिला, म्हणून परवानगी मागितली पठ्ठ्याने. झूमवर गावसभा, प्रोजेक्टवाली म्हणून मलाही बोलावलेलं. त्यांची सकाळ, आमच्याकडे वहिनीची फोडणी. नायजेल म्हणाला, "अहो, माती आहे नुसती!" मी उसळलेच! वारसा, इतिहास, पुढच्या पिढ्या... घसा कोरडा पडला. अध्यक्ष म्हणाले, "थँक यू, डिअर. आता मार्जरी."

बस्स?

मार्जरी ऐंशीच्या घरातली. फोन घेऊन निघाली की भर पावसात! आधी छत्री दिसली, मग चिखल, मग भिंत, मग ती डोळ्यांवर आलेली टोपी. "नायजेल, तुझं फाटक इथेच ना? ही टोपी कुणी घातली रे?"

नायजेल स्क्रीनजवळ सरकला. "...बाबांनी."

गेल्या हिवाळ्यात गेले ते. कोविडने.

इकडे फोडणी करपली, वहिनी झारा घेऊन माझ्या मागे उभी. नायजेल हळूच म्हणाला, "गाडी राहू दे रस्त्यावर. भिंतीला हात लावायचा नाही."

परवा पार्सल आलं. गावाने त्या टोपीचा फोटो पाठवलाय, फ्रेम करून! मी हातोडी उचलली... दादा! मग घराच्या एजंटला ईमेल केला, सगळी हकीकत लिहून. उत्तर आलं, 'लव्हली स्टोरी! बट नो नेल्स, सॉरी.' बरं, नुसता टेकवून ठेवते म्हटलं, तर दादा पुन्हा, "अगं, रंगाला ओरखडा पडेल! भिंतीला हात लावायचा नाही!"

आता तीनशे वर्षं ताठ उभी असलेली ती भिंत माझ्या खोलीत जमिनीवर बसलीय, इंग्लंडला निघालेल्या सुटकेसला टेकून. दोघी कुठ्ठे जात नाहीत.