दाजी लेकीच्या टीममध्ये

आमच्या दाजींना मी मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम शिकवला, हे तुम्हाला खोटं वाटेल. लासूर स्टेशनला त्यांचं धान्याचं दुकान आहे. लेक पल्लवी नोकरीला बंगळुरूला. फोनवर बापलेकीचं बोलणं "जेवलीस का?"च्या पुढं जायचं नाय. पण माझ्यासंगं टीम करून गेम खेळताना पोरगी लई बोलते, असं मी सहज सांगितलं आणि दाजी रविवारी सकाळीच पुंडलिकनगरला माझ्या घरी हजर झाले.

पहिल्या तासात ते नऊ वेळा मेले. कधी भिंतीकडं तोंड करून गोळ्या झाडायचे, कधी उगाच नदीत उतरायचे. शेवटी मोबाइल गादीवर टाकून म्हणाले, "हे आपल्याच्यानं व्हत नाय."

मी म्हणालो, "दाजी, गोळ्या झाडूच नका. फक्त पल्लवीच्या मागं राहा. ती पडली की हे बटण दाबून तिला उठवा."

दुपारी पल्लवी बंगळुरूहून ऑनलाइन खेळायला आली. थोड्याच वेळात तिला गोळी लागली आणि ती मोकळ्या मैदानात पडली. दाजी झाडाआडून निघून सरळ तिच्याकडं धावले. बटण दाबेपर्यंत त्यांनाही गोळ्या लागल्या आणि दोघंही बाद झाले.

"पप्पा, आधी लपायचं असतं," स्पीकरवरून पल्लवी म्हणाली. "गोळ्या चालू होत्या ना."

"तू पडली होतीस," दाजी म्हणाले. "मी कसा लपू?"

पल्लवी हळूच म्हणाली, "परत लावू, पप्पा?"

"लाव," दाजी म्हणाले, आणि माझ्याच घरात मला खुणेनं खोलीबाहेर काढलं.