बरोबरच्या खुणांचं झाड

नाही ताई, ते बटण आता कितीही दाबलंत तरी काही उपयोग नाही — घंटा वाजली, वॉचमनने ऐकली, माझं त्याच्याशी बोलणं झालं, आमचे मामा निघालेत, वीस मिनिटांत पोचतील. सख्खे मामा नव्हेत हो, आमच्या कंपनीतले सगळ्यात जुने मेकॅनिक, त्यांना सगळे मामाच म्हणतात. तुम्ही आधी खाली बसा बघू. आणि हसायचं असेल तर खुशाल हसा — लिफ्टचा मेकॅनिकच लिफ्टमध्ये अडकला, हसू येणारच. सकाळी तक्रार आली की पाचव्या मजल्यावर लिफ्ट चार बोटं वर जाऊन थांबते, लोकांचे पाय अडखळतात, म्हणून बघायला आलो, खाली तुम्ही भेटलात, दोघं एकदमच आत शिरलो. चौथ्या-पाचव्याच्या मध्ये थांबलोय, बाकी काही झालेलं नाही. घाबरायचं काहीच कारण नाही.

कोण, मी? छे. पंखा बंद आहे ना, म्हणून घाम आलाय. थांबा, एक गंमत दाखवतो, वेळ बरा जाईल. हा कागद घ्या, ही मागची बाजू कोरी आहे, पेन घ्या — आपण झाड काढू. चित्रकला येत नाही म्हणता? अहो, शाळेत मी हत्ती काढला होता तर बाईंनी किटली छान आलीय म्हणून पाठ थोपटली होती. याला येत नसलं तरी चालतं. खोडाच्या दोन रेघा, अशा. वर दोन फांद्या. प्रत्येकीला आणखी दोन, त्यांना पुन्हा दोन-दोन. आता एकेका फांदीला एकेक नक्षी द्यायची — हिला नुसत्या आडव्या रेघा, हिला बारीक गोल, हिला ठिपके — आणि फांदी भरेपर्यंत तीच, बदलायची नाही. डोकं बाजूला ठेवायचं, हात चालू ठेवायचा. माझ्या लेकीने शिकवलं मला. बाबा, तुम्ही भिंतीकडे बघत बसता त्यापेक्षा हे करा, म्हणाली. तेव्हापासून रोज एक. बसमध्ये काढतो, जेवायच्या सुट्टीत काढतो. एकेका झाडाने अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासात ते दिसत नाही.

काय दिसत नाही? काही नाही हो, सहज बोललो. तुम्ही गोल काढा. छान येताहेत तुमचे. माझी आवडती नक्षी म्हणजे बरोबरची खूण, गणिताच्या वहीत असते तशी — पानासारखी दिसते की नाही? एक काढली की दुसरी आपोआप येते, दुसरीमागे तिसरी, हात थांबतच नाही. अशी सबंध फांदी भरली की — अहो, उलटून कशाला बघताय? झाड या बाजूला आहे. तो आमचा तपासणीचा फॉर्म आहे, तुमच्या काय कामाचा. द्या इकडे.

हो, बावीस चौकटी. दोर, दारं, ब्रेक, सगळं बघायचं आणि खूण करायची. हो, बावीसच्या बावीस बरोबर. तारीख आजचीच आहे, खाली सही माझीच. आणि तुम्ही माझ्याबरोबर तळमजल्यावरून चढलात, म्हणजे मी अजून वर मशीनच्या खोलीत गेलोच नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. सकाळी बसमध्ये दुसऱ्या कागदावर झाड काढत होतो, त्याच्याखाली हा फॉर्म होता, हाताला लय लागली होती, तो चालतच राहिला — असं होतं, खरंच होतं. पहिल्या महिन्यात तरी असंच झालं होतं. पुढचे सात महिने मी बघून केल्या, एकेक चौकट वाचून, वर न जाता. आज ही गोष्ट कुठून बाहेर आली तोंडातून, मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

ऐकलंत? वर दार वाजलं. मामा आले, मशीनच्या खोलीत शिरले. आता ते ब्रेकचा दांडा दाबून ब्रेक उघडतील, हाताने चाक फिरवून आपल्याला मजल्याला लावतील. साधं काम आहे, मी शेकडो वेळा केलंय. फक्त दांडा सोडला की ब्रेक धरला पाहिजे. चार बोटं वर जाऊन थांबते म्हणाले ना लोक — म्हणजे धरत नाहीये तो नीट. लोकांना वाटतं लिफ्ट खाली पडते. आपण दोघंच असलो की दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेलं वजन जड पडतं, ताई, लिफ्ट वर धावते. जोरात जाते आणि वर छत असतं.

माझा जोडीदार लिफ्टच्या टपावर उभा होता. अकरा वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही. तो टपावर, मी मशीनच्या खोलीत, त्याने खालून हाक मारली, घे जरा वर, मी ब्रेक उघडला, हातभर सरकली, दांडा सोडला — धरलाच नाही ब्रेकने. चौकशी झाली. तुझी चूक नाही म्हणाले. ब्रेकचे लायनर, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, पार झिजलेले होते आणि आदल्याच महिन्याच्या फॉर्मवर कुणीतरी तिथे बरोबरची खूण केली होती. त्या माणसाला मी काय काय शिव्या दिल्यात, घरी येऊन, भिंतीकडे बघून. आणि आठ महिने झाले, मशीनच्या खोलीच्या जिन्यापाशी गेलो की माझे पाय उचलत नाहीत. खाली पायरीवर बसतो आणि खुणा करतो.

थांबा, फोन वाजतोय. हो मामा. हो, दोघं आहोत. एक ताई आहेत बरोबर. ब्रेक? फॉर्मवर आहे ना मामा, गेल्या महिन्याचा फाइलला लावलाय — हो — हो, चांगला आहे. या तुम्ही घेऊन.

असं बघू नका ना माझ्याकडे. काय सांगायला हवं होतं? नोकरी जाईल, ती गेली तर जाऊ दे, पण मला आत टाकतील, लेकीला काय सांगायचं, बाबा कुठे गेले? आणि कदाचित धरेल तो. सकाळपासून धरतोच आहे की. चार बोटं म्हणजे काही — तुमचा मुलगा खाली वाट बघतोय म्हणालात ना मघाशी? किती वर्षांचा? सहा. माझ्या जोडीदाराचा तेव्हा सातचा होता.

सरा जरा. फोन लावू द्या मला. मामा, मामा, हात मागे घ्या. दांड्याला हात लावू नका. आधी दोर क्लॅम्पने पक्के बांधा, मग खाली जाऊन दार हाताने उघडा, आम्ही उडी मारून उतरू. नाही, ब्रेक चांगला नाही. आठ महिन्यांत मी तो बघितलेला नाही. इथला नाही, कुठल्याच इमारतीतला नाही. सगळे फॉर्म खोटे आहेत मामा, बसून भरलेत मी. हो, शुद्धीवर आहे. एकोणीस इमारती आहेत, आजच सगळ्या बंद करायला सांगा. मामा? ऐकताय ना?

फोन ठेवला नाही त्यांनी. दोरांना क्लॅम्प आवळताहेत, ऐकू येतंय. ताई, आता माझ्याशी काही बोलू नका. ती वरची एक फांदी रिकामी राहिलीय, ती भरा. गोल काढा. खुणा नकोत.