बाथरूमच्या बटणावरचा पंखा

विजेच्या सामानाच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे दोघी जावा उभ्या होत्या.

"भावजींनी घरातली एक वस्तू कधी बाहेर दुरुस्तीला दिली नाही, ताई."

"म्हणून तर बैठकीतला पंखा बाथरूमच्या बटणावर चालायचा. पाहुणे घामाघूम झाले की हे म्हणायचे, कुणीतरी जरा बाथरूमला जाऊन या."

"मी गेले होते एकदा. बाहेर येताना सवयीनं बटण बंद केलं."

"आणि तुला वाईट वाटलं असेल म्हणून हेच अर्धा तास तुझी समजूत काढत बसले."

"आता मुलानं सगळं सरळ करून घेतलं म्हणे."

"हे गेल्यावर महिन्याच्या आत. वायरमन आणून."

"मग ही चार मीटर वायर कशाला?"

"त्याच वायरमनला बोलावलंय, पोरगा कामावर गेल्यावर. म्हटलं, होतं तसं करून दे."