लाल निशाणावर चुना

मी मूळची एकोडीची. माहा बाप खांद्यावर गाठोडं घेऊन खेडोपाडी बांगड्या भरत फिरे, आणि मले मोहाडीच्या या मोठ्या रस्त्यावर दिली तवा साऱ्यांले सांगे, माह्या पोरीले बसून धंदा भेटला बाप्पा. बसून म्हणजे या ओट्यावर. काय सांगू तुले पोरी, तू कालेजासाठी विचाराले आली म्हणून सांगते, तवा ही सारी रांग अशीच होती, खाली दुकान, वर राहणं, पुढं सागवानी खांब, आणि ज्याच्या त्याच्या दारी ओटा. बाजाराच्या दिवशी खेड्यातल्या बाया येत, चपला खाली काढत, मांडी घालून बसत, मंगच हात पुढं करत. उभ्यानं मी कोणाले बांगडी भरली नाही, नवरीले त नाहीच. उभ्या बाईचा हात ताठ राहते, बांगडी चढत नाही, फुटते.

मंग रस्ता रुंद करायचं निघालं. मोजणीवाले आले, दुकानाच्या भिंतीवर लाल निशाण मारून गेले, इथपर्यंत जाईल म्हणे. म्हणजे ओटा गेला, खांब गेले. तेवढ्यात आली दिवाळी. आता दिवाळीले घर पोतल्याशिवाय कोण राहते? मी चुना मारला, समोरच्या भांडेवाल्या गुलाबरावांनी मारला, साऱ्या रांगेनं मारला. माहा पोट्टा प्रमोद कपाळावर हात मारून म्हणे, आई, निशाण कुठं आहे? मी म्हटलं, सणासुदीले दारापाशी तो लाल फराटा ठेवू का? साहेब लोक परत आले, इकडे पाहतात, तिकडे पाहतात, एक जण हसून म्हणे, बाई, तुम्ही त अख्खा रस्ताच पोतून काढला. पुन्हा मोजू म्हणे, आणि गेले ते गेले. आता कोणालेच ठाऊक नाही रेघ कुठून जाते.

तवापासून मन एका ठिकाणी नाही. जेसीबीचा आवाज आला का उठते, पाहते, तो कोणाच्या तरी शेतावर चालला असते, बसते, परत उठते. मशीन सागवान चिरडते म्हणून गुलाबरावांनी भेवून आपला पुढचा भाग आपणच उतरवला, आता अर्ध्या घरात बसून टोमणे मारतात, वहिनी, तुमचा ओटा वाचला त माह्या गिऱ्हाइकाले बसाले देजा. प्रमोद म्हणे, आपणही उतरवू. मी म्हणे, थांब, रेघ रस्त्याकडेच राहिली त? तो म्हणे, घरात घुसली त? रोज हेच, जेवतानाही हेच.

परवा एक नवरी आली हिरवा चुडा भराले. एक हात भरला, दुसरा धरला, रस्त्यानं मशीन घडघडली, माहं ध्यान तिकडे, आणि बांगडी तिच्या मनगटात फुटली. रक्त आलं. तिची आई म्हणे, काकू, तुमचा हात असा नव्हता. मी हळद लावली, पण तिच्याकडे पाहवेना.

मंग मीच म्हटलं, प्रमोद, बोलाव सुताराले. रेघ कुठूनही जावो, खांब आपल्या हातानं काढू, अख्खे राहतील, वरच्या छपराले बल्ल्यांचा टेका लावू. ओटा दगडाचा आहे, तो मी काढत नाही, मशीन येईल तवा नेईल. तोवर बाया बसतील, मी भरीन. मन थोडं थाऱ्यावर आलं, पुरं नाही आलं, खोटं कायले बोलू.

सुखी राहा पोरी, खूब शिक. आण हात, तुलेही दोन भरून देते. पण अशी इकडे सरक, त्या खांबाले टेकू नको, सुतारानं सकाळीच त्याले धरणाऱ्या वरच्या खुंट्या काढल्या.