उजव्या चौकोनातला माणूस

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या सिकूवादन मंडळाच्या आधारस्तंभ ग्रेगोरियाबाई लिमाची, गुडघा आता वाकतो ना? मघाशी तुम्हाला पायऱ्या चढताना पाहिलं आणि बरं वाटलं. व्यासपीठावरचे पाद्रीबाबा, खोकला उतरलेला दिसतोय, पण काढा एवढ्यात सोडू नका. आरेकिपाहून गाडी घेऊन आलेले सेनोबिओचे जावईबापू, इथली हवा विरळ, डोकं जड झालं असेल तर कोकाची पानं शेजारच्या टोपलीत आहेत, संकोच नको. औषधाच्या दुकानातल्या हुस्तिनाबाई, लोकांचा रक्तदाब बघता, स्वतःचा बघता का? माझी बायको सातुर्निना हिची प्रकृती मी सकाळीच विचारली. म्हणाली, भाषण लांबवलंत तर बिघडेल. आणि आजचे सत्कारमूर्ती, या गावाला इतकी वर्षं गरम पाव खाऊ घालणारे सेनोबिओ कोआकिरा. तुझी तब्येत मी विचारणार नाही. ती उत्तम आहे, हे सगळं जग फोनवर बघतंय.

बंधुभगिनींनो, मी शिकलेला माणूस नाही. सुतारकाम हाताने शिकलो, सिकू कानाने. भाषण कुणी शिकवलं नाही, तेव्हा मनात आहे तेच तोंडात येणार. आणि मनात आज निरोपाचं दुःख किती आहे आणि पोटदुखी किती, ते माझं मलाच नीट सांगता येणार नाही.

समोर टेबलावर हे लाल विणलेलं कापड अंथरलंय. त्यावर सेनोबिओची इरा, म्हणजे त्याची वेळूच्या नळ्यांची जुडी, ठेवलीय. माझं बोलणं झालं की मी माझी अर्का तिच्या शेजारी ठेवायची आणि जोडी सेनोबिओबरोबर आरेकिपाला रवाना करायची, असं मंडळानं ठरवलंय. ठराव एकमताने झाला म्हणतात. मी गप्प बसलो होतो, ते मत धरलं गेलं.

जावईबापूंसाठी सांगतो, बाकीच्यांनी तेवढ्यात पाठ टेकून घ्यावी. आमचा सिकू एकट्याचा नसतो. वेळूच्या नळ्यांच्या दोन जुड्या, अर्धे सूर एकीत, अर्धे दुसरीत. एक सूर इरावाला फुंकतो, पुढचा अर्कावाला. तो विचारतो, मी उत्तर देतो. दोघांतला एक उठून गेला तर गाणं दात पडलेल्या तोंडासारखं दिसतं. आम्ही दोघं मिसरूड फुटायच्या आधीपासून असे विचारत आणि उत्तरं देत आलोय.

मग तुमच्या सौभाग्यवतींनी, नोएमींनी, बापाला फोन दिला आणि सांगितलं, बाबा, हे लोकांना दाखवा. झालं. दर रविवारी पाव संपला की बेकरीत पिठाची पोती मागे घेऊन आम्ही उभे. रेडिओवरची प्रेमगीतं, सिनेमातली गाणी, केस वाढवलेल्या पोरांची ती किंचाळायची गाणीसुद्धा आम्ही नळ्यांवर घेतली. सुरुवातीला बघणारं कोण? नोएमी, हुस्तिनाबाई आणि आमची सातुर्निना. तीही आवाज बंद करून, कारण म्हणे घरात ऐकून कान किटले होते. हळूहळू पुनोचे आले, मग लिमाचे, मग समुद्रापलीकडचे. एक बाई कुठून तरी लिहायची की आम्ही तिच्या आजारी आईला झोपवतो. आम्ही दोघं. तेव्हा "आम्ही" होतं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या छातीत पाणी झालं आणि मला पुनोच्या इस्पितळात टाकलं. सेनोबिओ दर आठवड्याला पाव घेऊन यायचा, गावच्या बातम्या सांगायचा. एक बातमी मात्र त्याने सांगितली नाही. ती मला शेजारच्या खाटेवरच्या माणसाने दाखवली. फोन पुढे केला आणि म्हणाला, "आजोबा, हे दोघं बघा काय वाजवतात."

दोन चौकोन होते. डाव्या चौकोनात हॅट घातलेला सेनोबिओ, इरा फुंकतोय. उजव्या चौकोनात कोण? तोही सेनोबिओच. डोक्यावर माझ्यासारखी कान झाकणारी लोकरीची टोपी, आणि हातात नळकामाच्या प्लॅस्टिकच्या पाइपाची अर्का. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात ना? या पठ्ठ्याने वाजवून दाखवली.

खाटेवरचा माणूस म्हणाला, "उजवीकडचा जास्त चांगला वाजवतो, नाही?"

मी डॉक्टरना सांगितलं, छातीत जळजळतंय. त्यांनी गोळी दिली.

मंडळी, शेजाऱ्याच्या होडीचा हेवा मी समजू शकतो. सवत आली तर निदान तिला वेगळं तोंड असतं. माझ्या जागी आलेल्या सवतीला माझ्याच मित्राचं तोंड, आता भांडायचं कुणाशी? वर श्रोते असे वाढले, जसं पिठात खमीर पडावं. घरी आल्यावर मी रोज स्वयंपाकघरात फोन टेकवून बसायचो आणि त्या उजव्या चौकोनाच्या अंगावर माझी अर्का फुंकायचो. सातुर्निना एकदा सूप ढवळत म्हणाली, "तो एकटा दोघांचं वाजवतो, तुम्ही एकटे दोघांचं भांडता. तिकडे शांती जास्त दिसते."

असंच एकदा फुंकत असताना मला एक गोष्ट कळली. त्या जुन्या प्रेमगीतात एक खालचा सूर आहे. माझ्या अर्काची सर्वांत लांब नळी तडकलेली, तिच्यात वारा भरायला वेळ लागतो, म्हणून त्या जागी मी कायम उशिरा येतो. यावरून सेनोबिओने मला किती झापलं असेल. आणि त्याची प्लॅस्टिकची नळी नवी कोरी, तिला कुठे तडा नाही. तरी उजव्या चौकोनातला माणूस नेमका त्याच जागी उशिरा आला. खाली लोकांनी लिहिलेलं, काय हा ठहराव, इथे काळीज थांबतं. एकाने विचारलं होतं, हे शिकायला गुरू कोण मिळेल. माझी चूक, आणि वाहवा त्याला. मला सूप गेलं नाही.

गेल्या आठवड्यात तो घरी आला, जायचं सांगायला. बेकरीची भट्टी विझली, लेकीकडे जायचं ठरलं, हे गावाला ठाऊकच आहे. मी विचारलं, माझी जागा घेतलीस ती घेतलीस, माझी चूक कशाला चोरलीस?

तो म्हणाला, "बरोबर वाजवून पाहिलं रे, तोरिबिओ. ऐकलं आणि पुसून टाकलं. ते कुणा तिऱ्हाइताचं गाणं वाटत होतं. मग तू तिथे कसा अडखळतोस ते आठवत बसलो. तुझ्यासारखी टोपी घातली, तेव्हा कुठे जमलं."

आता तुम्हाला वाटेल, हे ऐकून माझा हेवा विरघळला. मुळीच नाही. उलट वाढला. आधी मला त्याच्या श्रोत्यांचा हेवा वाटायचा. आता त्या टोपीवाल्याचा वाटतो, कारण तो सेनोबिओबरोबर आरेकिपाला जाणार आणि मी इथे राहणार.

म्हणून ग्रेगोरियाबाई, मंडळाचा मान राखून सांगतो, अर्का मी देत नाही. काय म्हणता, कापड अर्धं रिकामं दिसतं? दिसू द्या. जावईबापू, ठराव मोडला म्हणून जेवणाला रुसू नका, तळ्यातले मासे आहेत.

सेनोबिओ, तुझी इरा उचल. तिकडे गेलास की डावा चौकोन भर आणि उजवा मोकळा ठेवून मला पाठव. माझ्या सुरांच्या जागी गप्प राहायचं, प्लॅस्टिकला हात लावायचा नाही. त्या जागा मी इथून भरीन. फोन कसा धरायचा ते हुस्तिनाबाई दाखवतील. माझा दम आता पूर्वीसारखा पुरत नाही, तेव्हा एका जागी कशाला, जागोजागी उशिरा येईन. तुझे निम्मे श्रोते पळून जातील. जाऊ देत. मला तसेही ते डोळ्यांसमोर नको झालेत.

अध्यक्षाबाईंनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, बायकोने मध्येच कोट ओढला नाही, सगळ्यांचे उपकार. सुताराची जीभ आहे, कुठे रंधा जास्त फिरला असेल तर पोटात घाला. आणि सेनोबिओ, पोहोचलास की सामान सोडायच्या आधी पाठव. फार वाट बघायला लावू नकोस रे, तुझा सूर आल्याशिवाय मला माझा फुंकता येत नाही.